पाहुण्यांनी आधी नाव-गाव सांगावे

वेबसाइटच्या धंद्यातली चार माणसं एकत्र बसली की पहिल्या चहाला एकमेकांची कामं विचारतात, दुसऱ्या चहाला गिऱ्हाइकांना शिव्या घालतात आणि तिसऱ्या चहाला किस्से सुरू होतात. दोन-चार प्रत्येकाकडे असतातच. माझ्याकडे जरा जास्त आहेत, आणि ते सगळे एकाच ऑफिसातले, एकाच वेबसाइटचे आणि जेमतेम एका वर्षातले आहेत. त्या वर्षी मला त्यातला एकही विनोदी वाटला नव्हता. किश्शांचं असंच असतं. घडताना आपलं डोकं फिरतं, आणि ते ठिकाणावर आलं की लोक म्हणतात, "तो लिंबाचा सांग ना!"

तर लिंबापासूनच सुरुवात करते.

*

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची गोष्ट. मी पुण्याहून बंगलोरला नोकरीसाठी आले होते. ऑफिस जयनगरला, एका साडीच्या दुकानाच्या वर. कारखाना होसकोटेला. तिथे इडली-डोशाचं पीठ वाटायचे दगडी ग्राइंडर तयार व्हायचे. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण तो अजून चालू आहे आणि मला तिथून दर दिवाळीला मिठाई येते.

मालक दोघं भावंडं. धाकटे अण्णा आणि थोरल्या अक्का. घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी इकडे येऊन राहिलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. अण्णांकडे उत्साह होता आणि अक्कांकडे चाव्या. अण्णा कुठल्याशा प्रदर्शनाला गेले, तिथे कुणीतरी त्यांना सांगितलं की आता वेबसाइट नसलेल्या कंपनीला जगात कोणी विचारणार नाही, आणि अण्णा तेच घेऊन घरी आले. ऑफिसातली पॅकिंगची एक खोली रिकामी झाली, दारावर 'वेबसाइट विभाग' अशी पाटी लागली आणि विभागात दोन माणसं भरली. प्रोग्रॅमिंगला नागपूरचा श्रीपाद, डिझाइनला मी.

विभागाचं उद्घाटन आयुधपूजेला. इकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. कारखान्यातल्या लेथपासून स्वयंपाकघरातल्या विळीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यावरून नेतात. दारात कुंकू भरलेला कोहळा फोडतात. हे सगळं मला कौतुकाचं वाटत होतं, अक्का आमच्या कॉम्प्युटरपाशी येईपर्यंत.

त्यांनी मॉनिटरला कुंकू लावलं, कीबोर्डवर फुलं वाहिली आणि विचारलं, "ह्याला चाक कुठं असतंय?"

श्रीपाद गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण त्याने माउस उलटा केला आणि आतला गोळा फिरवून दाखवला. त्या काळी माउसच्या पोटात गोळा असायचा. अक्कांनी ताबडतोब माउसखाली लिंबू ठेवलं. अण्णांनी सगळा भार टाकून माउस दाबला. लिंबू निसटून कपाटाखाली गेलं. दुसरं ठेवलं, तेही गेलं. शेवटी श्रीपादने एका हाताने लिंबू धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यावर माउस आपटला. लिंबू फुटलं, सगळ्यांनी हात जोडले. तो माउस त्यानंतर वर्षभर फक्त डावीकडेच जायचा.

पूजेनंतर कॉम्प्युटर बंद. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, त्यांना विश्रांती. म्हणजे नोकरीचा पहिला दिवस आम्ही हाताची घडी घालून काढला. आणि त्याच दिवशी अक्कांनी प्रसाद देता देता शांतपणे सांगून टाकलं की पुढच्या आयुधपूजेपर्यंत ह्या वेबसाइटवरून बाहेरगावची एक तरी ऑर्डर आली पाहिजे. आली नाही तर खोली परत पॅकिंगला, आणि आम्ही दोघं आपापल्या गावी.

श्रीपादला काही वाटलं नाही. मला वाटलं. माझ्या वडिलांनी मला एका वर्षाच्या बोलीवर सोडलं होतं. हौस फिटली की परत यायचं, असं ठरलेलं होतं. पण जयनगरला माझी स्वतःची खोली होती, तिची किल्ली फक्त माझ्याकडे होती, आणि रात्री काय जेवायचं हे मी ठरवत होते. मला परत जायचं नव्हतं. म्हणजे सगळं त्या एका ऑर्डरवर आलं होतं.

*

मी पहिलं पान केलं ते अगदी सुटसुटीत. वर ग्राइंडरचा एक छोटा फोटो, खाली तीन ओळी माहिती आणि मधोमध ठळक अक्षरांत फोन नंबर. माणूस येईल, बघेल, फोन करेल. वेबसाइट पाहुण्याला सोयीची पाहिजे, हे मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं आणि माझा त्यावर विश्वास होता.

अण्णांनी पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढंच?"

दुसऱ्या दिवशी ते एक फ्रेम घेऊन आले. कारखाना काढणारे त्यांचे वडील, म्हणजे थोरले. फेटा, मिशा, हार घातलेला फोटो. तो स्कॅन करून पहिल्या पानावर टाकायचा. मी म्हटलं, टाकते, पण लहान करून. अण्णा म्हणाले की वडलांना लहान करायची त्यांच्या घरात पद्धत नाही.

तेव्हाचं इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेवरून. मोडेम आधी किंचाळायचा, मग चित्र वरून खाली एकेक रेघ करत उतरायचं. आधी फ्रेमची पट्टी, मग फेट्याचा तुरा, मग फेटा. कपाळ यायला वेळ, डोळे यायला आणखी वेळ. थोरले पडद्यावर उतरायला लागले की अण्णा खुर्चीतून उठायचे आणि मिशा पुऱ्या होईपर्यंत उभे राहायचे. मग आम्हालाही उठावं लागायचं.

मी हात जोडून सांगितलं की अण्णा, एवढा वेळ पाहुणा थांबत नाही, उठून जातो.

"वडलांना बघायच्या आधी उठून जाणारा माणूस," अण्णा म्हणाले, "आपल्याला गिऱ्हाईक म्हणून नकोच."

फोन नंबरचा प्रश्न उरला. थोरल्यांच्या डोक्यावर नंबर टाकता येत नाही आणि पायाशी टाकणं बरं दिसत नाही. म्हणून तो आत गेला, चार दारं ओलांडून सगळ्यात शेवटच्या पानावर. तिथे पोचेपर्यंत माणसाला आपण कशाला आलो होतो हेच आठवत नसे.

*

अक्का कॉम्प्युटरला हात लावत नसत, पण वेबसाइटवर त्यांचं बारीक लक्ष होतं. एकदा त्यांनी विचारलं की ह्या साइटवर माणसं येतात म्हणजे नक्की काय करतात. मी म्हटलं, येतात, बघतात आणि जातात. कोण आलं, कुठलं आलं, काही कळतं का? मी म्हटलं नाही.

अक्का हादरल्या. "कुणीबी येतंय, न बोलता घरभर हिंडतंय, न सांगता जातंय. हे काय घर झालं का, पुण्याची?"

पुण्याची म्हणजे मी. अक्कांनी मला वर्षभर ह्याच नावाने हाक मारली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून दारातच पाहुण्यांची वही बसली. इतर साइटवरही ती असायची, पण शेवटी, ज्याला लिहायचं त्याने लिहावं अशी. आमची आधी. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव आणि सध्याचा मुक्काम भरल्याशिवाय आत सोडायचं नाही. थोरल्यांचं दर्शन घेऊन जो टिकला असेल त्याला आता हा उंबरा. मी दोन दिवस भांडले. पालथ्या घड्यावर पाणी.

लोक वैतागून काहीही बटणं दाबून पुढे जायला लागले. अक्का रोज संध्याकाळी त्या नावांची प्रिंट मागवायच्या आणि चष्मा लावून एकेक वाचायच्या. एकदा त्यांनी श्रीपादला बोलावलं. कुणीतरी कीबोर्डवरची ओळीतली चार अक्षरं दाबून नाव 'एएसडीएफ', वडिलांचं नाव 'एएसडीएफ' आणि गावही 'एएसडीएफ' असं ठोकून दिलं होतं.

"हे कुठलं गाव रे? आनेकलकडचं काय?"

श्रीपाद म्हणाला, नाही अक्का, परदेशातलं असावं.

"असू दे की," अक्का म्हणाल्या. "गावाच्या नावावरनं नावं ठेवलीत पोरांची. चांगली माणसं आहेत."

*

मग राहुकाळ. बंगलोरला राहुकाळाचं प्रस्थ फार. रोज दीड तास, वाराप्रमाणे वेळ वेगळी, त्या वेळात कुणी नवं काम सुरू करत नाही. एक दिवस अक्कांच्या लक्षात आलं की एक पाहुणा नेमका राहुकाळात साइटवर येऊन गेला आहे. त्यांनी सांगितलं की तेवढा वेळ साइट बंद ठेवत जा.

श्रीपादने आपली हुशारी दाखवली. म्हणाला, अक्का, साइट आपल्या इथे नसतेच, ती अमेरिकेतल्या एका मशीनवर असते. त्याला वाटलं विषय संपला. अक्कांनी अमेरिकेत कुठे ते विचारलं, त्यांच्या जोशीबुवांना फोन केला आणि तिकडचा राहुकाळही काढून घेतला. आता दोन्ही वेळा बंद.

माझा तोल गेला. मी उपरोधाने म्हटलं, "मग जो पाहुणा बघतोय त्याच्या गावचा राहुकाळ तेवढा कशाला सोडायचा, अक्का?"

अक्का विचारात पडल्या. माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच कौतुकाने पाहिलं.

"सरी," त्या म्हणाल्या. "बरोबर बोललीस. तोबी धर."

वहीत मुक्कामाचं गाव भरून घेतच होतो, त्यामुळे ते जमलंही. श्रीपाद आठवडाभर तो प्रोग्रॅम लिहीत होता आणि आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. राहुकाळात आलेल्या माणसाला एक पांढरं पान दिसायचं. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं, 'ही वेळ बरी नाही. कृपया थोड्या वेळाने यावे.' इंग्लंडहून एका बाईंची मेल आली. तुमच्या कुटुंबावर काय प्रसंग आला आहे ते मला माहीत नाही, पण मी तुमच्या दुःखात सहभागी आहे.

*

मेलवरून आठवलं. मेलला उत्तर लगेच द्यायचं असतं, हे मी अण्णांना पटवलं होतं. पासवर्ड अण्णांकडे होता, पण अक्कांना विचारल्याशिवाय अण्णा पाणीसुद्धा पीत नसत, आणि अक्कांचं म्हणणं असं की टाइप केलेलं उत्तर म्हणजे काही उत्तर नव्हे. हाताने लिहावं, खाली सही करावी, पोस्टात टाकावं.

मेलमध्ये पत्ता नसायचा. मग अण्णा त्या माणसाला एक मेल करायचे, तीत फक्त एवढंच, की आपला पोस्टाचा पत्ता कळवावा. कुणीतरी विचारलेलं असायचं की तुमचा ग्राइंडर आमच्याकडच्या व्होल्टेजवर चालेल का. त्याला आम्ही उलट पत्ता विचारायचो. तो घाबरून गप्प व्हायचा.

पत्ता फक्त त्या इंग्लंडच्या बाईंनी पाठवला. अक्कांनी त्यांना चार पानी पत्र लिहिलं, घरात सगळे खुशाल असल्याचं कळवलं आणि सोबत कुंकवाची पुडी घातली. त्या दोघींचा पत्रव्यवहार पुढे बरीच वर्षं चालला. बाईंनी ग्राइंडर मात्र घेतला नाही. त्यांना इडली माहीत नव्हती.

*

एक लहानसा किस्सा. नव्या मॉडेलपुढे मी एक लुकलुकणारं 'न्यू' लावलं होतं. काही महिन्यांनी मॉडेल जुनं झालं तेव्हा काढायला गेले. अक्कांनी थांबवलं. लागलेला दिवा आपण होऊन विझवायचा नाही म्हणे. मग आणखी नवं मॉडेल आलं, त्याला आणखी एक. वर्षाच्या शेवटी साइटवर एकूण एक वस्तू लुकलुकत होती. थोरलेसुद्धा, कारण अण्णांना वाटलं त्यांनाच तेवढं वगळलं तर वाईट दिसेल.

*

हे सगळं मी सोसलं असतं. वहीही चालली असती, राहुकाळही चालला असता. पण फोनचं काय करायचं?

आमच्या विभागाला एकच फोन. साइटवर शेवटच्या पानावर जो नंबर होता तो ह्याच फोनचा, कारण अनोळखी लोकांचे फोन मोठ्या ऑफिसात नकोत, असं अक्कांनी ठरवलं होतं. आणि इंटरनेटही ह्याच फोनवर. म्हणजे नेट चालू असेपर्यंत फोन करणाऱ्याला लाइन एंगेज. हे मी अण्णांना चित्र काढून समजावलं होतं. अण्णांना ते समजलंही होतं. अडचण वेगळीच होती.

साइटवर आकडा होता. किती माणसं येऊन गेली ते दाखवणारा, दर खेपेला एकाने वाढणारा. अण्णांना त्याचं वेड लागलं. सकाळी कॉफी झाली की ते येऊन बसायचे, नेट जोडायचे आणि आकडा बघायचे. त्या आकड्यातल्या अंकांची बेरीज नऊ यायला हवी, म्हणजे दिवस चांगला जातो. नसली तर साइट पुन्हा उघडायची, म्हणजे आकडा एकाने वाढतो. दर खेपेला थोरले वरून खाली पुन्हा उतरणार, दर खेपेला अण्णा उभे राहणार, दर खेपेला वही. बेरीज जुळेपर्यंत दुपार व्हायची. दुपारनंतर ते, सकाळपासून आणखी कोणी आलं का, हे बघायचे. थोडक्यात, ऑफिस उघडल्यापासून बंद होईपर्यंत फोन एंगेज.

मी दुसरी लाइन मागितली. अक्का म्हणाल्या, "एका घराला दोन दारं कशाला? बेडा." हा त्यांचा शेवटचा शब्द. बेडा म्हटलं की नको म्हणजे नकोच.

एकदा अगदी असह्य झालं, तेव्हा मी थेट अक्कांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, अक्का, हा जो आकडा वाढतोय ना, ते कोणी पाहुणे नाहीत. ते सगळे अण्णाच आहेत.

अक्कांनी अण्णांना बोलावलं. अण्णा मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, आता सुटले.

"रोज नाव-गाव भरतोस?" अक्कांनी विचारलं.

"भरतो की," अण्णा म्हणाले. "दर खेपेला."

"वडलांचं नाव?"

"तेबी."

"सरी," अक्का मला म्हणाल्या. "मग पाहुणाच झाला तो."

*

गणपती गेले, नवरात्र जवळ आलं. ऑर्डर नव्हतीच. श्रीपादने नागपूरला चुलतभावाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बोलून ठेवलं. मी कुणाशीच बोलले नव्हते.

वडील मला घरमालकिणीच्या फोनवर फोन करायचे. त्या रविवारी केला तो चिडूनच. म्हणाले, आठवडाभर ऑफिसात फोन लावतोय, कधी बघावं तेव्हा एंगेज, तुमच्याकडे कामं करतात की नुसत्या गप्पा मारतात? मग आवाज मऊ करून म्हणाले की ओळखीच्या एका छापखान्यात जागा आहे, त्यांना तुझ्यासारखी मुलगी हवी आहे, दसरा झाला की निघ.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला, वर आले, माझ्या किल्लीने माझी खोली उघडली आणि बराच वेळ दिवासुद्धा लावला नाही. फार वाईट वाटलं. अण्णांचा, अक्कांचा, श्रीपादचा आणि सगळ्यात जास्त त्या फेटा घातलेल्या थोरल्यांचा राग आला. आमच्या साइटवर दीड-दोनशे लुकलुकणाऱ्या गोष्टी होत्या आणि एक माणूस सरळ आत येऊन फोन करू शकत नव्हता.

*

आणि मग आयुधपूजा.

सकाळी आम्ही विभाग झाडला. मी मॉनिटर पुसला, श्रीपादने ताराही पुसल्या. अक्का ताट घेऊन आल्या. कॉम्प्युटर बंद, मोडेम बंद, नेटची तार काढून ठेवलेली. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. माउसखाली लिंबू ठेवायला अण्णा पुढे झाले तेव्हा मी काही बोलले नाही. आता त्या माउसचं काय व्हायचं ते होऊ दे. फोनलाही कुंकू लागलं, त्याच्या रिसीव्हरवर एक मोठं फूल बसलं.

अक्का मला म्हणाल्या की जेवून जा, आणि उद्यापरवा खोलीचं बघू. खोलीचं बघू म्हणजे काय ते मला कळलं. पॅकिंगची खोकी जिन्यात आणून ठेवलेलीच होती.

दारात कोहळा फुटला. सगळे हात जोडून उभे होते. तेवढ्यात खोलीत घंटा वाजायला लागली.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आवाज कसला ते पटकन कुणाला कळेना, कारण तो फोन वाजलेला आम्ही वर्षभरात ऐकलाच नव्हता. मी धावले. अण्णांनी मला अडवलं. म्हणाले, नको, आयुध आहे, आज त्याला हात लावायचा नाही, पूजा झाली आहे.

फोन वाजत होता. रिसीव्हरवरचं फूल थरथरत होतं. मी नुसती अक्कांकडे बघत राहिले. आयुष्यात मी कुणाकडे इतक्या काकुळतीने बघितलेलं नाही.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"आपण कुठं चालवतोय त्याला?" त्या म्हणाल्या. "तो आपणहून वाजतोय." आणि फूल बाजूला ठेवून त्यांनी फोन उचलला.

पलीकडचं माणूस कन्नड बोलत होतं. अक्का आधी नुसतं ऐकत होत्या, मग एकदम खुलल्या. अरे, कुंदापूरचे तुम्ही! त्याचं नाव, त्याच्या वडिलांचंही नाव अक्कांनीच सांगितलं. आमच्या वहीत हा माणूस महिन्यांपूर्वी येऊन गेला होता आणि अक्कांना तो पाठ होता. मग किती, कुठे पाठवायचे, कोणत्या बोटीने, ही बोलणी सुरू झाली. माझं कन्नड स्वल्पच होतं, पण तेवढं मला समजलं. मी श्रीपादचा हात घट्ट धरला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अक्कांनी फोन ठेवला, त्यावर फूल परत ठेवलं आणि सांगितलं. माणूस मस्कतला असतो, हॉटेलं आहेत त्याची, शिवाय तिकडे भांड्यांचं दुकान टाकतोय. ग्राइंडर एक-दोन नकोत, दुकान भरेल इतके हवेत. दर वर्षी घेणार आहे.

अण्णांनी आधी थोरल्यांच्या फोटोला हात जोडले. मी सरळ रडले. अक्का म्हणाल्या की खोली राहू दे, खोकी खाली न्या.

"पण अक्का," श्रीपादने विचारलं, "आपल्यालाच का फोन केला त्यांनी? ग्राइंडरवाले तर गल्लोगल्ली आहेत."

"मीबी तेच विचारले," अक्का म्हणाल्या. "ते म्हणाले, बाकी सगळ्यांना फोन लागला. पहिल्या खेपेला. तुम्हाला किती महिने लावतोय, सकाळ नाही, संध्याकाळ नाही, कायम एंगेज. तेव्हाच ठरवलं म्हणाले. ज्यांच्या मालाला एवढी मागणी आहे, घ्यायचे तर त्यांच्याकडूनच घ्यायचे."

दसरा झाल्यावर ऑफिस उघडलं. मी मुद्दाम लवकर गेले होते. मनात सगळी तयारी केली होती. आता ऑर्डर आली आहे, आता तरी माझं ऐकतील, आता दुसरी लाइन मिळेल आणि फोन मोकळा राहील.

जिन्यात अक्का भेटल्या. इतक्या सकाळी त्या कधीच येत नसत. माझ्या पुढे होऊन त्या विभागात शिरल्या. अण्णा नुकतेच कॉफी घेऊन बसले होते, कॉम्प्युटर अजून बंद होता.

"कॉफी मागनं पी," अक्का म्हणाल्या. "आधी नेट लाव. फोन रिकामा ठेवलायस होय?"